मीना काचेचा की रंगाचा, हे ठरल्याशिवाय भट्टीकडे जाऊ नका

आपला प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर नेमके कशाचे आहे हे इतर वाचकांनाही कळेल. न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या आत्यांनी यंदाच्या भेटीत आपल्याला दोन जुन्या वस्तू दिल्या. पहिली म्हणजे तांब्याचा गळ्यालगतचा हार आणि त्याच्या जोडीची कानातली. दोन्हींवर लालभडक मीना आहे आणि मागे वळणदार अक्षरांत ‘मातीस’ असे नाव आहे. दुसरी म्हणजे निळ्या-पांढऱ्या पाकळ्यांच्या फुलाचा ब्रोच. त्याच्या मागे ‘ट्रिफारी’ हे नाव, त्यातल्या टी या अक्षरावर चिमुकला मुकुट आणि शेजारी वर्तुळातला सी अशी खूण आहे. हाराच्या एका पानावरचा टवका उडालेला आहे आणि ब्रोचच्या दोन पाकळ्यांवरचा रंग सुटू लागला आहे. आपल्या ओळखीच्या मीनाकारांनी दोन्ही वस्तू पुन्हा भट्टीत घालून नव्यासारख्या करून देतो असे सांगितले आहे. त्या द्याव्यात का, हा हार चित्रकार मातीस यांचा आहे का, कानातल्यांना टोचलेल्या कानात घालता येईल अशी काडी बसवावी का आणि या सगळ्याची किंमत काय, असे आपण विचारले आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर लगेच देते, कारण तोच घाईचा आहे. आत्ता काहीही देऊ नका. हार भट्टीत गेला तर बिघडेल, आणि ब्रोच गेला तर तो ब्रोच म्हणून परत येण्याची शक्यता फार थोडी आहे.

आपल्याला प्रश्न दुरुस्तीचा वाटतो, पण मुळात तो शब्दाचा आहे. मीना म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जयपूरचे काम येते. त्यात सोन्यात किंवा चांदीत खोदलेल्या खळग्यात रंगीत काचेची पूड भरतात आणि ती भट्टीत वितळवून धातूला कायमची चिकटवतात. अमेरिकेतल्या विसाव्या शतकाच्या मध्यातल्या कारखान्यांनी मात्र त्यांच्याकडचा मीन्याचा शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी सर्रास वापरला. एक ही खरी काच, आणि दुसरा नुसता रंग. तो रंग कुंच्याने किंवा सुईने भरायचा आणि हवेत किंवा मंद आचेवर वाळवायचा. आपल्याकडचे कारागीर या दुसऱ्या प्रकाराला थंडा मीना म्हणतात. दोन्ही दिसायला चकचकीत असतात, दोन्हींना विकणारा एकच नाव देतो, आणि पुढचा सगळा घोटाळा तिथून सुरू होतो.

कोणत्या वस्तूवर काय असू शकते, हे बरेचसे खालच्या धातूवरून ठरते. काचेची पूड धातूवर बसायला साधारण ७५० ते ८५० अंश सेल्सिअस उष्णता लागते. तांबे १०८५ अंशांना वितळते, म्हणून ते ही आच सहज सोसते. त्या काळचे बहुतेक ओतीव खोटे दागिने मात्र पांढुरक्या मिश्रधातूचे असत. त्यात मुख्यतः कथील आणि त्याबरोबर शिसे किंवा अँटिमनी असे. शुद्ध कथील २३२ अंशांनाच वितळते, आणि हे मिश्रधातूही ३०० अंशांच्या आतबाहेरच पाणी होतात. अशा धातूवर भट्टीतला मीना चढलेला असणे शक्यच नाही. त्यावर जे आहे ते रंगच असणार. ट्रिफारीचा ओतीव ब्रोच ‘पुन्हा भाजून’ देणे म्हणजे लोण्यावर फोडणी घालण्यासारखे आहे.

हे मी पुस्तकातून शिकले असते तर बरे झाले असते. पंचवीसेक वर्षांपूर्वी, जुन्या दागिन्यांच्या दुरुस्तीचे काम नव्याने सुरू केलेले असताना, एक ओतीव फूल माझ्याकडे आले होते. त्याची मागची पिन निखळली होती. चांदीला देतो तसाच डाग द्यायचा, म्हणजे झाळून जोडायचे, म्हणून मी लहान ज्योत लावली आणि क्षणभर नजर वळवली. परत पाहिले तेव्हा सर्वांत बाहेरचे पान, ऊन लागलेल्या मेणबत्तीसारखे, हळूच खाली लवत होते. ज्योत काढेपर्यंत त्याचा थेंब झाला होता. त्या बाईंना मी माझ्या पदरचे पैसे दिले, पण फूल काही परत आले नाही. तेव्हापासून माझ्याकडे आलेल्या अनोळखी धातूला आधी भिंग लागते. आग फार पुढची गोष्ट.

तर ते भिंग आपणही घ्या. घड्याळवाले वापरतात ते दहापटीचे पुरे. दिवसाच्या उजेडात खिडकीशी बसा आणि जिथे नुकसान झाले आहे तीच जागा पाहा, कारण धड जागेपेक्षा मोडलेली जागा जास्त सांगते. काच असेल तर टवका उडतो. कड धारदार, आतली खळगी शिंपल्यासारखी गोलसर आणि लकाकणारी दिसते, अगदी फुटलेल्या काचेच्या बांगडीच्या कडेसारखी. रंग असेल तर त्याचा पोपडा सुटतो. कड पातळ आणि थोडी वर वळलेली असते, भिंतीच्या चुन्यासारखी, आणि खाली करडा किंवा मुलामा उडालेला धातू उघडा पडतो. आपण स्वतःच लिहिले आहे की हाराचा ‘टवका उडाला’ आणि ब्रोचचा ‘रंग सुटतो आहे’. ही दोन वेगळी क्रियापदे आपण नकळत वापरलीत, पण माझ्या मते निदान त्यातच अर्धे झाले आहे.

आणखी एक खूण आहे, पण ती एकाच बाजूने उपयोगी पडते. तांबे आणि काच गार होताना सारख्या प्रमाणात आकसत नाहीत. त्यामुळे नुसत्या वरच्या बाजूला काच चढवली तर पातळ पत्रा वाकतो किंवा काचेला बारीक तडे जातात. तो ताण सावरण्यासाठी जाणता मीनाकार पत्र्याच्या पाठीवरही मीन्याचा एक थर देतो. तुकड्याच्या मागे असा थर दिसला तर भट्टीतल्या कामाबद्दल शंका उरत नाही. तो नसला तर मात्र काहीही सिद्ध होत नाही, कारण जाड किंवा घुमटदार तुकड्याला त्यावाचूनही चालते. सुई तापवून टोचणे, नेलपॉलिश काढायचा द्राव लावून पाहणे असे उपाय सर्रास सुचवले जातात. ते करू नका. तो रंग असेल तर ही परीक्षाच त्याला खाऊन टाकते.

आता हाराविषयी. चित्रकार आंरी मातीस यांचा या हाराशी काहीही संबंध नाही. लॉस एंजेलिसमध्ये जेरी फेल्स यांनी १९४६ मध्ये ‘रेन्वार ऑफ कॅलिफोर्निया’ ही तांब्याच्या दागिन्यांची कंपनी काढली आणि १९५२ मध्ये तांब्यावर मीना चढवलेल्या दागिन्यांसाठी ‘मातीस’ हे दुसरे नाव सुरू केले. दोन्ही नावे फ्रेंच चित्रकारांची होती आणि हेतू उघड होता. ज्या बाईला घरात मूळ चित्र लावणे परवडत नाही तिला गळ्यात ‘कला’ घालता यावी. १९६४ मध्ये कंपनी बंद पडली. म्हणजे आपला हार १९५२ ते १९६४ या बारा वर्षांतला आहे, एवढे खात्रीने म्हणता येते, आणि जुन्या खोट्या दागिन्यांच्या बाबतीत इतका लहान कालखंड मिळणे ही चैनच आहे. या कंपनीचा रंगफळा, म्हणजे चित्रकाराची रंग कालवायची पाटी, आणि कुंचला यांच्या आकाराचा ब्रोच संग्राहकांना फार प्रिय आहे. माझे मत विचाराल तर तिची साधी पाने जास्त चांगली आहेत. रंगफळा म्हणजे स्वतःच्याच विनोदावर हसणे झाले.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत तांबे हा काही गरिबांचा नाइलाज नव्हता. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये फ्रँक रेबाखेस यांनी तीसच्या दशकापासून तांब्याचे दागिने घडवून त्याला प्रतिष्ठा मिळवून दिली होती, आणि चित्रकलेतल्या नव्या अमूर्त आकारांना हा मऊ, लालसर, हातोडीचे ऐकणारा धातू चांगला मानवला. आपल्याकडे तांबे म्हटले की बंब आणि घंगाळ आठवते, त्यामुळे आपल्या सासूबाईंनी ‘तांब्याचा कसला हार’ असे म्हटले यात नवल नाही. मात्र याच तांब्यावर भट्टीतला मीना सर्वांत सुखाने बसतो, हे त्यांना जरूर सांगा.

ब्रोचची गोष्ट वेगळी आहे. ट्रिफारी हे न्यूयॉर्कचे मोठे नाव, संस्थापक नेपल्सहून आलेले गुस्ताव्हो ट्रिफारी. १९३० पासून १९६८ पर्यंत आल्फ्रेड फिलिप हे तिथले प्रमुख रचनाकार होते. मौल्यवान दागिन्यांच्या कामात त्यांचा हात आधीच तयार झालेला होता, त्यामुळे खोट्या खड्यांची जडणघडणही ते खऱ्यासारखी करून घेत. १९५३ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीच्या मेजवानी-नृत्याला त्यांच्या पत्नी मेमी आयझेनहॉवर यांनी ट्रिफारीचे खोटे मोती घातले, तेव्हापासून खोटा दागिना मिरवण्यातला उरलासुरला संकोचही गेला. मात्र आपले फूल ‘आल्फ्रेड फिलिप यांचे’ आहे असे कोणी सांगितले तर कागद मागा. मागे असते ते कंपनीचे नाव, रचनाकाराचे नव्हे. विशिष्ट रचना कोणाची हे त्या काळच्या पेटंटच्या कागदांवरून कळते, आणि तसा कागद नसेल तर तो विकणाऱ्याचा अंदाज समजावा.

आपण वर्णन केलेला वर्तुळातला सी इथे फार उपयोगाचा आहे. अमेरिकेत दागिन्याच्या रचनेला आधी पेटंटचेच संरक्षण घ्यावे लागे. ते मिळेपर्यंत हंगाम संपत असे आणि तोवर दुसरे लोक नक्कल करून मोकळे होत. १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात ट्रिफारीनेच एका प्रतिस्पर्ध्याविरुद्ध दावा जिंकला, आणि खोट्या दागिन्याची रचनाही कलाकृती म्हणून कॉपीराइटला पात्र ठरते हे मान्य झाले. त्यानंतर ही खूण दागिन्यांच्या पाठीवर सर्रास दिसू लागली. म्हणून आपला ब्रोच बहुधा १९५५ नंतरचा आहे, आणि मीन्याची ठसठशीत फुले साठच्या दशकात जोरात होती हे त्याच्याशी जुळते. उलट बाजूने हा नियम लावू नका. खूण नाही म्हणून वस्तू जुनी, असे होत नाही.

खुणा वाचताना माणसे कशी फसतात याचे एक उदाहरण देते. कोरो या कंपनीचे ‘ड्युएट’ नावाचे जोड-ब्रोच असतात. दोन क्लिपा एका चौकटीत सरकवून बसवायच्या, हव्या तेव्हा सोडवून वेगवेगळ्या लावायच्या. मीन्याची घुबडे, मासे, फुले असे त्यांचे पुष्कळ नमुने आहेत. त्यांच्या चौकटीवर १७९८८६७ हा पेटंट क्रमांक असतो आणि तो १९३१ सालचा आहे. पण ते पेटंट चौकटीच्या युक्तीचे आहे, वरच्या घुबडाचे नाही. पुढे कितीतरी वर्षे तोच क्रमांक नव्या नमुन्यांवर उमटत राहिला. चाळीसच्या दशकातला ड्युएट ‘१९३१ चा’ म्हणून विकला जाताना मी अनेकदा पाहिला आहे. त्याच चाळीसच्या दशकात युद्धामुळे कथील लष्कराकडे वळवले गेले, तेव्हा १९४२ पासून काही वर्षे हे कारखाने चांदीत ओतकाम करून त्यावर सोन्याचा मुलामा देत. त्यामुळे ‘स्टर्लिंग’ असा ठसा असलेली अमेरिकन मीन्याची फुले बरीचशी त्या वर्षांतली निघतात.

आत्यांच्या डब्यात आणखी काही असेल तर एवढे लक्षात ठेवा की काचेचा मीना तांब्यापुरता नाही. ऑस्लोच्या डाव्हीड-आन्डर्सेन या पेढीची चांदीची पाने आणि फुलपाखरे अमेरिकेतल्या घरांत पुष्कळ सापडतात. पारदर्शक काचेतून खाली चांदीवर यंत्राने कोरलेल्या रेषा पाण्याखालच्या वाळूसारख्या दिसतात, आणि मागे ९२५ चा ठसा असतो. तसे काही निघाले तर ते या दोन वस्तूंबरोबर एकाच पिशवीत ठेवू नका. एकमेकांवर घासून टवके उडतात.

आता दुरुस्ती. हाराची काच खरी असूनही भट्टी नको असे मी का म्हणते, हे सांगायला हवे, कारण मीनाकारांचे म्हणणे तत्त्वतः चूक नाही. त्यांच्या स्वतःच्या चांदीच्या कामाला ते पुन्हा आच देऊ शकतात, कारण त्यातला प्रत्येक सांधा त्यांनी ती आच धरूनच घडवलेला असतो. या हारातल्या जोडण्या आणि कानातल्यांच्या क्लिपा मात्र बहुधा मऊ डागाने, म्हणजे कथील-शिशाच्या झाळणाने लावलेल्या असतात, आणि ते दोनशे अंशांच्या आसपासच सुटते. उघडे तांबे भट्टीत काळे पडून त्याचे कवच सुटेल, त्यावर दिलेला पारदर्शक लेप जळेल, आणि तो लाल रंग पुन्हा तसाच लागेल याची हमी कोणीच देऊ शकत नाही. मीन्यात लाल हा सर्वांत लहरी रंग आहे. जरा जास्त आच लागली की तो तपकिरी होतो. एका भाताएवढ्या टवक्यासाठी सगळा हार पणाला लावणे मला पटत नाही.

मी अशा वेळी टवका बहुतेक तसाच ठेवते. तो फारच डोळ्यांत भरत असेल तर पॅरालॉइड बी-७२ या राळेत रंगद्रव्य मिसळून खळगा भरते. संग्रहालयांत हीच राळ वापरतात, कारण ती पुढे कधीही विरघळवून काढता येते आणि मूळ काचेला धक्का लागत नाही. ब्रोचच्या बाबतीत सुटणाऱ्या पोपड्याच्या कडेखाली तीच राळ पातळ करून सोडली की पोपडा परत बसतो. रंगाचा नवा थर मात्र मी देत नाही. नेलपॉलिशचा मोह तर अजिबात नको. त्याच्यातला द्राव जुन्या रंगाला मऊ करतो आणि शेजारचा धड भागही सुरकुततो. आधीच कोणी डागडुजी केली आहे का हे पाहायचे असेल तर नोटा तपासायचा जांभळा दिवा अंधारात धरा. नंतर लावलेला रंग पुष्कळदा वेगळा चमकतो. नाही चमकला तर मात्र डागडुजी नाही असे समजू नका. तोवर एखादा पोपडा गळून पडलाच तर तो बटरपेपरच्या पुडीत घालून ब्रोचबरोबर ठेवा. मूळ पोपडा हाताशी असेल तर माझे काम निम्मे होते.

स्वच्छतेबद्दल आपण विचारले नाही, पण तांबे पाहून आपल्या घरात कोणाचा तरी हात चिंचेकडे जाणार, म्हणून लिहिते. चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर यांतले काहीही या हाराला लावू नका. आम्लाने लेप आणि तांब्यावर मुद्दाम ठेवलेली काळसर छटा दोन्ही जातील, आणि काही जुन्या काचांची चकाकीही मंदावते. किंचित ओलसर मऊ सुती कापड आणि लगेच दुसरे कोरडे कापड, एवढे पुरे. ब्रोचच्या मध्यभागी खडे असतील तर तेवढेही पाणी नको. त्या खड्यांच्या पाठीला चंदेरी वर्ख असतो, आणि आत पाणी शिरले की खडा आंधळा होतो. जोडांत हिरवे दिसू लागले तर ती वस्तू कळकते आहे असे समजावे. कोरड्या लाकडी टुथपिकने ते खरवडा आणि डबीत सिलिका जेलची पुडी ठेवा. आपण मुंबईच्या दमट हवेत राहता, म्हणून पावसाळ्यात ती पुडी बदलायला विसरू नका.

किमतीबद्दल नेमका आकडा मी देणार नाही, कारण तो प्रत्यक्ष वस्तू पाहूनही एका वाक्यात सांगता येत नाही. सराफ शून्य सांगेल आणि त्याच्या तराजूपुरते त्याचे बरोबरच आहे. या वस्तूंना वजनाची किंमत नाही. संग्राहक पैसे देतो ते रचनेला, मीन्याच्या स्थितीला आणि जोडी पूर्ण असण्याला. हार आणि कानातली एकत्र आहेत ही आपली सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. ती वेगळी करू नका, एक बहिणीला आणि एक स्वतःला असे तर मुळीच नको. लहान टवक्याने किंमत उतरते, पण वाईट दुरुस्तीने ती त्याहून जास्त उतरते, कारण टवका किती आहे हे दिसते आणि दुरुस्तीखाली काय दडले आहे हे दिसत नाही. विकायचेच असेल तर खरा बाजार अमेरिकेत आहे, आणि त्यासाठी आत्यांचाच पत्ता जास्त सोयीचा.

शेवटी कानातली. त्या काळच्या अमेरिकेत पुष्कळ बायकांचे कान टोचलेले नसत, म्हणून त्यांना क्लिपा किंवा मळसूत्राच्या फिरक्या असत. आपले कान टोचलेले आहेत आणि क्लिप दुखते, हे मला समजते. पण क्लिप काढून काडी बसवायची म्हणजे पुन्हा आच आली, आणि मूळ पाठ गेली की काळ ओळखण्याची एक खूणही गेली. क्लिप न काढता तिच्यावरच अडकवता येणारा छोटा जोड मिळतो, त्याला खाली टोचलेल्या कानात घालायची काडी असते. तो सापडला नाही तर क्लिपच्या आत सिलिकॉनची मऊ गादी लावा आणि लग्नाच्या जेवणापुरती दोन तास घाला. ब्रोच घालताना पिन कापडाच्या दोन पदरांतून घ्या, आणि पैठणीवर नको. जड ओतीव फुलाने रेशीम ओढले जाते, आणि तुटलेल्या धाग्याला माझ्याकडे राळ नाही.